आंबट भात

गेल्या हिवाळ्यात लखनौत भाषांतराची एक कार्यशाळा झाली. दुपारच्या जेवणाच्या रांगेत मी सहज बोलून गेले, की आमच्या जानकीपुरममध्ये आता सुशी मिळते, आठ नग दोनशे वीस रुपयांना, आणि आत पनीर टिक्का असतो. माझ्या पुढे ताट धरून उभे असलेले एक ज्येष्ठ लेखक आधी हसले, मग त्यांनी वळून पुढच्यांना सांगितलं, आणि बघता बघता सगळी रांग हसायला लागली. "म्हणजे मीरची गझल भजनी ठेक्यात," असं कोणीतरी म्हणालं, तेव्हा तर टाळ्याच पडल्या. मीही हसले. घरी येताना रिक्षात बसल्यावर मला माझ्याच हसण्याचा राग आला. ते हसणं मला परत घ्यायचं आहे, आणि जमलं तर त्या रांगेच्या तोंडूनही काढून घ्यायचं आहे.

आधी ते दुकान सांगते. जानकीपुरम म्हणजे लखनौच्या उत्तरेला, सीतापूर रस्त्याच्या अंगाने पसरलेली वसाहत. इथे इमामबाडा नाही, टुंडे कबाब नाही, पर्यटक तर नाहीतच. विद्यापीठाचा दुसरा परिसर आहे, तंत्रशास्त्राचं विद्यापीठ आहे, औषधांची संशोधन संस्था आहे, आणि या सगळ्यांच्या आधाराने वाढलेल्या खानावळी, झेरॉक्सवाले, पेइंग गेस्ट मुलींचे पिंजरेवजा गच्चीवरचे मजले आणि मोमोचे गाडे आहेत. सुशीचं दुकान म्हणजे एक शटर आणि आत तीन टेबलं. माझी लेक मला तिथे घेऊन गेली. चालवणारा पोरगा कालिम्पाँगचा. दिल्लीत एका जपानी हॉटेलच्या मुदपाकखान्यात भांडी घासण्यापासून सुरुवात करून भात शिजवण्यापर्यंत पोचला होता. टाळेबंदीत नोकरी गेली आणि मेहुण्याच्या ओळखीने तो इथे येऊन पडला.

मी त्याचा भात पाहिला. मी वेंगुर्ल्याची, माणसाची पारख करायची तर आमच्याकडे शितावरूनच करतात. पाणी नितळ होईपर्यंत तो तांदूळ धुतो. शिजलेला भात पसरट लाकडी परातीत काढतो, गरम असतानाच त्यावर व्हिनेगर-साखर-मिठाचं पाणी शिंपडतो आणि उलथन्याने कापल्यासारखा हलवतो. घोटत नाही. दुसऱ्या हाताने पुठ्ठ्याचा वारा घालत राहतो, म्हणजे वरचं पाणी उडतं आणि शितावर चकाकी येते. फ्रिजमध्ये भात कधी ठेवत नाही. थोडाच करतो, आठ वाजता संपतो, मग मोमो. "ठंडा चावल खाना है तो दीदी घर में खा लो, यहाँ क्यों आए," असं तो मला म्हणाला होता.

पनीर का घालतोस, हेही मी विचारलं. त्याने कढईतून वर न बघता सांगितलं, "दुकान का एग्रीमेंट है. मछली-अंडा कुछ नहीं."

त्या रांगेला हे ठाऊक नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. पनीर हा त्याच्या अडाणीपणाचा पुरावा आहे असं सगळ्यांनी गृहीत धरलं. पनीर ही भाडेकराराची अट आहे. दिल्लीत त्याने मासा कापलेला आहे, कोणता मासा कुठल्या दिशेने कापायचा हे त्याला त्या रांगेतल्या कोणाहीपेक्षा जास्त कळतं. त्याला जो मजकूर छापायला परवानगी आहे तोच तो छापतो.

आता 'अस्सल' या शब्दाकडे येऊ. आपल्या लिहित्या-वाचत्या वर्गाला या शब्दाचं व्यसन आहे, आणि सुशीच्या बाबतीत तो शब्द किती पोकळ आहे हे पाहायला फार खोल जावं लागत नाही. मुळात 'सुशी' म्हणजे मासा नव्हे. जपानीत त्या शब्दाचं मूळ 'आंबट' या अर्थाच्या विशेषणात आहे. मासा टिकवायचा म्हणून तो मिठात घालून भातात दडपत. भात आंबे, त्या आंबटपणाने मासा टिके. बिवा सरोवराकाठी शिगा प्रांतात आजही फुनाझुशी अशीच करतात, कित्येक महिने मुरवून. शिगाला समुद्रकिनारा नाही. बिवा गोड्या पाण्याचं सरोवर आहे आणि त्यात मुरवला जाणारा मासा आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला. म्हणजे 'समुद्रापासून इतक्या दूर कसली सुशी' हा लखनौला उद्देशून हमखास मारला जाणारा टोमणा इतिहासाने उलटा पाडलेला आहे. समुद्र लांब होता, बर्फ नव्हता, म्हणून तर सुशी झाली.

आज आपण जिला सुशी म्हणतो, म्हणजे मुठीत दाबलेल्या भातावर माशाची चकती, ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एडो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, रूढ झाली. १८२०च्या दशकातल्या हानाया योहेई या माणसाच्या नावावर ती सांगतात. ती गाड्यावर विकली जायची. नाटकाहून, कामाहून परतणारी माणसं उभ्या उभ्या दोन घास खाऊन पुढे जात. वडापावच्या जातीचं खाणं होतं ते. पुढे १९५८ मध्ये शिराइशी योशिआकी नावाच्या हॉटेलवाल्याने बिअरच्या कारखान्यातला सरकता पट्टा पाहून पूर्व ओसाकात सरकत्या पट्ट्यावरची सुशी सुरू केली आणि ती पुन्हा कामगाराच्या खिशाला परवडू लागली. त्या पट्ट्यांवर आज जपानमध्ये मका-मेयोनीजची सुशी फिरते, तळलेल्या कोळंबीची फिरते, मांसाच्या टिक्कीचीही फिरते, आणि जपानी पोरं ती आवडीने उचलतात.

आणि सामन? पंचतारांकित हॉटेलात 'ऑथेंटिक' म्हणून पहिल्यांदा पुढे केला जातो तो केशरी सामन? जपानी माणूस आपल्याकडचा सामन भाजून किंवा खारवून खाई. त्यात कृमी असतात म्हणून कच्चा खात नसे. कच्च्या सामनची सुशी ही १९८०च्या दशकात नॉर्वेने आपला शेतीतला मासा खपवण्यासाठी जपानमध्ये चिकाटीने चालवलेल्या मोहिमेतून रुळली. म्हणजे आमच्या पनीर टिक्क्याहून सामन फार तर एका पिढीने मोठा आहे. ट्युनाचा जो चरबीचा भाग, तोरो, आज सोन्याच्या भावाने जातो, तो एडोत कोणी फारसा विचारत नसे. २०१९च्या नववर्षाच्या लिलावात टोकियोच्या तोयोसु बाजारात २७८ किलोचा एक ट्युना ३३ कोटी ३६ लाख येनला गेला. अस्सलपणाची किंमत म्हणतात ती ही, आणि तिचं वय शंभर वर्षंही नाही.

त्या रांगेला सर्वांत जास्त हसू शाकाहारी सुशीचं आलं होतं. म्हणून ही एक गोष्ट मुद्दाम सांगते. टोकियोच्या जुन्या पद्धतीच्या सुशीच्या दुकानात नुसतं 'नोरीमाकी' मागितलं तर पुढ्यात येते ती कान्प्योची गुंडाळी. कान्प्यो म्हणजे भोपळ्याच्या गराच्या लांब पट्ट्या काढून, वाळवून, मग सोया सॉस आणि साखरेत शिजवलेल्या. आणि तो भोपळा वनस्पतिशास्त्राने आपला दुधीच आहे. लौकी! ज्या भाजीचं नाव काढताच उत्तर प्रदेशातलं प्रत्येक मूल तोंड वाकडं करतं, ती एडोच्या सुशीत मानाने बसलेली आहे. काकडीची आहे, लोणच्याच्या मुळ्याची आहे, गोड तळलेल्या टोफूच्या पिशवीत भात भरून केलेली आहे. तेव्हा पनीरला हसायचं तर हसा, पण 'शाकाहारी सुशी ही सुशीच नाही' हे वाक्य तोंडात घेऊन हसू नका.

महागाच्या बाजूने माझ्या पदरी एकच जेवण आहे, तेही दुसऱ्याच्या पैशाने. आमच्या घरमालकांच्या मुलाला बढती मिळाली, त्याने आईवडिलांना आणि सौजन्य म्हणून आम्हा भाडेकरूंनाही शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात नेलं. मेन्यू चामड्यात बांधलेला. त्यात निगिरी, साशिमी, हामाची, उनागी, ओमाकासे असे शब्द. त्यांच्या शेपटीला इंग्रजी विशेषणं. कोणता मासा कुठून आला, कधी गोठवला, याबद्दल एक अक्षर नाही. गोठवला असेल तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. कृमी मरावेत म्हणून कच्चा खायचा मासा उणे २० अंशांवर सात दिवस ठेवावा असं अमेरिकेचा नियमच सांगतो. लाजेची गोष्ट ही, की ते सांगायला नको म्हणून 'फ्रेश' हा शब्द वापरला होता. हिरवी वासाबी आली ती बहुतेक ठिकाणी असते तशीच, रंग दिलेल्या विलायती मुळ्याची. एका तुकड्यावर सोन्याचा वर्ख. वर्खाचं लखनौला अप्रूप कसलं, इथे तो विड्यावर लावतात. पण तो सगळ्यांनी मोबाइलमध्ये टिपला.

आणि भात थंडगार होता. फ्रिजमधून काढलेला. शीत दाताखाली कचकन वाजत होतं, आंबटपणाचा पत्ता नव्हता. साडेअठरा हजारांचं बिल मी तिरक्या डोळ्याने पाहिलं आणि मला पुठ्ठ्याने वारा घालणारा तो हात आठवला.

टोकियोत सुकियाबाशी जिरो म्हणून दुकान आहे. २०११ मध्ये त्याच्यावर माहितीपट निघाला, २०१४ मध्ये ओबामा तिथे जेवले. ते गिंझा स्टेशनाच्या तळघरात आहे आणि एका ओळीत दहा माणसं बसतात. तिथली किंमत मलाही परवडणार नाही आणि तिचं समर्थन करायला मी बसलेले नाही. पण त्या दुकानाचा कटाक्ष कसला, तर भात अंगाच्या उबेचा असावा याचा. महाग असणं हा गुन्हा नाही. मुंबईत ताजमहाल हॉटेलात २००४ मध्ये मोरिमोतोंचं 'वासाबी' सुरू झालं तेव्हापासून आपल्याकडे महाग सुशीला वीस वर्षं होऊन गेली. जो शिकून करतो त्याने पैसे घ्यावेत. माझं भांडण भाताशी हयगय करून शब्दांचे पैसे घेणाऱ्यांशी आहे.

मी आयुष्यभर एक काम केलं आहे, त्यामुळे मला हे त्याच कामाच्या शब्दांत दिसतं. स्वस्त दुकान भाषांतर करतं, महाग हॉटेल लिप्यंतर करतं. जानकीपुरमच्या पोराने मूळ कृतीत भात काय करतो हे ओळखलं, तो सांभाळला आणि बाकीचं इथल्या जिभेला आणि इथल्या भाडेकराराला जुळवलं. हॉटेलने मूळ शब्द जसेच्या तसे आणले आणि कृती विमानतळावर विसरून आले. आपण मात्र पहिल्याला विटंबना म्हणतो आणि दुसऱ्याला निष्ठा. मधल्या पायरीवर, मॉलच्या मजल्यांवर आणि डब्यातून घरी येणाऱ्या सुशीत, दोन्ही नसतं. तिथे गोड मेयोनीज सगळ्यावर पांघरूण घालतं. तिच्याबद्दल यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं मला काही सापडलं नाही.

त्या जेवणात दोन वाट्या सूप घडलं, ते सांगायलाच हवं. मिसो सूप आलं. घरमालकीणबाई कट्टर शाकाहारी, त्यांनी वेटरला विचारलं, तो म्हणाला, "जी मॅम, वेज है, सोयाबीन का है." मिसो सोयाबीनचं असतं हे खरं. पण ते ज्या पाण्यात कालवतात ते दाशी साधारणतः कात्सुओबुशीचं असतं, आणि कात्सुओबुशी म्हणजे आपल्या कुप्प्याच्या भाऊबंदांतला मासा उकडून, धुरावून, लाकडासारखा होईपर्यंत वाळवलेला. थोडक्यात, सुकी मासळी. लक्षद्वीपमध्ये 'मासमिन' म्हणून असंच करतात. मी वेटरला पुन्हा विचारलं, तो आत जाऊन आला, म्हणाला, पावडर आहे, त्याला माहीत नाही. बाईंनी तोवर वाटी नाकाशी नेली होती. डोळे मिटून म्हणाल्या, "कितनी अच्छी ख़ुशबू है."

याच बाईंनी तीन वर्षांपूर्वी, आम्ही राहायला आल्यावर पंधरा दिवसांत, जिन्यात मला थांबवलं होतं. आईने वेंगुर्ल्याहून डब्यात सोडे आणि सुकट दिलं होतं, ते मी भाजलं होतं. "बेटा, बुरा मत मानना," त्या म्हणाल्या, आणि मग मुलांना उलटी झाल्याचं, देवघर वरच्याच मजल्यावर असल्याचं, आधीचे भाडेकरू किती चांगले होते याचं सांगितलं. आवाज शेवटपर्यंत मऊ होता. लखनौ आहे, इथे घर सोडा म्हणायचं तरी आधी चहा देतात. मी घर सोडलं नाही, सुकट सोडलं. मराठी म्हटलं की इथे लोक भातखंड्यांचं नाव काढतात, १९२६ मध्ये त्यांनी इथे संगीताचं कॉलेज उभं केलं म्हणून. तेवढी मराठी वरच्या मजल्यापर्यंत पोचते. भाजलेल्या सुकटाची पोचत नाही.

त्या संध्याकाळी मी बाईंची वाटी हळूच माझ्याकडे ओढली आणि म्हटलं, "आंटीजी, यह मुझे बहुत पसंद है, मैं ले लूँ?" त्यांनी कौतुकाने दिली. त्यांचं व्रत मोडू नये असं मला मनापासून वाटलं. त्यात ढोंग नव्हतं. त्यांच्या जेवणावर त्यांचा हक्क आहे, आणि तो हॉटेलने पायदळी तुडवला होता. पण दोन्ही वाट्या पिताना माझ्या घशात जे अडकलं होतं ते माशाचं काटं नव्हतं. एकाच वाळवलेल्या माशाला जिन्यात दुर्गंधी म्हणतात आणि चिनीमातीच्या वाटीत ख़ुशबू.

हे माझ्या एकटीचं गाऱ्हाणं असतं तर मी नियतकालिकाची पानं अडवली नसती. २००७ मध्ये दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक पुस्तिका काढली. तिच्यात बांबूचे कोंब आणि अखुनी असे वासाचे पदार्थ शेजाऱ्यांना त्रास न होता शिजवा असा सल्ला होता. अखुनी म्हणजे नागालँडची आंबवलेली सोयाबीन. मिसो म्हणजे जपानची आंबवलेली सोयाबीन. पहिलीसाठी पोलिसांची पुस्तिका, दुसरीसाठी चामड्याचा मेन्यू. बंगालचा पांता भात, ओडिशाचा पखाळ, छत्तीसगडची बोरे-बासी हे सगळे आंबट भात आहेत, गरिबाच्या न्याहारीचे. 'आंबट भात खाणारा' ही आपल्याकडे शिवी होऊ शकते आणि जपानी नावाने तोच शब्द लग्नाच्या स्वागतसमारंभात वेगळा काउंटर मांडून बसतो. कोकणातली उकड्या तांदळाची पेज आणि वर भाजलेला खारा बांगडा; यात आणि एडोच्या गाड्यावरच्या दोन घासांत अंतर किती? भात, मीठ, मासा, आंबट. पण पेज-बांगड्याचं रेस्टॉरंट जानकीपुरमला उघडायला गेलात तर तुम्हाला दुकान भाड्याने मिळणार नाही. २०२५ मध्ये युनेस्कोने लखनौला खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून मान दिला. त्या आनंदात सामील होताना मला शहरातल्या भाडेकरारांची आठवण येते, त्याला इलाज नाही.

यावर मला दोन उत्तरं मिळतील हे ठाऊक आहे. पहिलं, मग काय वाटेल त्याला सुशी म्हणायचं? नाही. २००६ मध्ये जपानच्या कृषिमंत्रालयाने परदेशातल्या जपानी हॉटेलांना खरेपणाचं प्रमाणपत्र द्यायचं ठरवलं, तेव्हा परदेशी वृत्तपत्रांनी 'सुशी पोलीस' म्हणून इतकी टिंगल केली की योजना मवाळ करावी लागली. मला पोलीस नको आहेत. पण पारख हवी आहे. भात बिघडलेला असेल तर वर ट्युना असो की पनीर, ती वाईट सुशी आहे, आणि ते सांगायला जपानला जाऊन यावं लागत नाही. घरी मी पुण्याहून आलेल्या इंद्रायणीचा करून पाहिला. चिकटपणा ठीक, शीत जरा मऊ पडलं. मूळ काय करत होतं हे न कळता केलेलं भाषांतर वाईटच असतं. पण ते वाईट ठरवताना ते कुठल्या गल्लीतून आलं हे बघायचं नसतं.

दुसरं उत्तर जास्त टोचणारं आहे, आणि ते मलाच मला द्यावं लागतं. तू स्वतः काय केलंस? मराठीत मी उर्दू कथा आणल्या तेव्हा 'दस्तरख़्वान', 'नफ़ासत', 'वज़ादारी' हे शब्द जसेच्या तसे ठेवले. वाचकांनी वाहवा केली, मूळचा सुगंध टिकवला म्हणाले. त्यातल्या निम्म्या जागी मला योग्य मराठी शब्द सापडत होता. मी वर्ख लावत होते. उलट एकदा मालवणी वळणाची एक कथा हिंदीत नेली, तेव्हा एका मासिकाच्या संपादकांनी फोन करून विचारलं, की म्हातारी चुलीपाशी सुकट भाजते तो परिच्छेद जरा कमी करता येईल का, आणि 'सुकट'ऐवजी 'सी-फ़ूड' चालेल का. मी भांडले असं लिहायला मला आवडलं असतं. मी 'सूखी मछली' म्हणून पाहिलं, ते त्यांना नको होतं, मग मी परिच्छेदच काढला. छापलेल्या कथेत ती म्हातारी चुलीपाशी नुसतीच बसलेली आहे. का बसली आहे हे हिंदी वाचकाला कळत नाही. उर्दूचा अत्तराचा फाया मी मराठीत जपून आणला, आणि माझ्या आईच्या डब्याचा वास हिंदीत जाताना सीमेवर काढून ठेवला. जिन्यातल्या बाईंना नावं ठेवायचा मला फारसा अधिकार उरत नाही.

म्हणूनच त्या रांगेत मी जे हसले ते मला इतकं लागलं. आम्ही सगळे एकमेकांच्या भाषांतरांना 'निष्ठावान' आहे का म्हणून तपासत होतो, आणि पनीर कुणाच्या अटीमुळे आलं हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

परवा दुकानात गेले तेव्हा पोराला कान्प्योचं सांगितलं. दिल्लीत त्याने वाळलेल्या पट्ट्यांची पाकिटं पाहिली होती, पण ते काय आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. "लौकी?" तो इतका मोठ्याने हसला की मोमो खाणाऱ्या मुली वळून बघायला लागल्या. मग गंभीर झाला, शटरच्या बाहेर जाऊन समोरच्या ठेल्यावरून एक कोवळी लौकी घेऊन आला आणि साल काढायच्या पात्याने तिच्या लांब पट्ट्या ओढू लागला. वाळवायला वेळ नव्हता, म्हणून तशाच सोया सॉस आणि गुळात टाकल्या. साखर संपली होती. पट्ट्यांना पाणी सुटलं, गुंडाळी कापताना फुटली, नोरी ओली होऊन दाताला चिकटली. भात उत्तम होता. तो म्हणाला, उद्या गच्चीवर वाळत घालतो, वर राहणाऱ्या मालकाला वास आला तरी लौकीचा आहे.